मल्याळम सिनेमा आणि केरळचा समाज : साक्षरतेच्या एका उत्तराने हे नाते उलगडते का?

नदीकाठ (प्रश्न)

नमस्कार. गेली काही वर्षे मी उपशीर्षकांच्या आधाराने मल्याळम चित्रपट नियमितपणे पाहत आहे. सुरुवात ‘महेशिन्टे प्रतिकारम’ (२०१६) पासून झाली. इडुक्कीच्या डोंगराळ भागातला एक साधा छायाचित्रकार भर रस्त्यात मार खातो आणि बदला घेतल्याशिवाय पायांत चप्पल घालणार नाही, अशी शपथ घेतो. एवढ्याशा बीजावर उभ्या राहिलेल्या त्या चित्रपटात माझ्या मनात कथानकापेक्षा गावच अधिक ठसले. वडिलांचा जुना स्टुडिओ, मयताला जमलेली माणसे, पावसाने ओले झालेले चढाचे रस्ते आणि कोणाचे कोणाशी काय बिनसले आहे याची सगळ्या गावाला असलेली माहिती, हे सारे इतक्या सहजपणे येते की दिग्दर्शकाने ते मुद्दाम ‘दाखवले’ आहे असे वाटतच नाही. त्यानंतर ‘कुंबळंगी नाइट्स’, ‘ई. मा. यौ.’, ‘द ग्रेट इंडियन किचन’ असे एकामागून एक चित्रपट पाहत गेलो आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न मनात आला.

या चित्रपटांचे त्यांच्या भूमीशी इतके घट्ट नाते कसे जुळले? आपल्याकडे याचे ठरलेले उत्तर असे दिले जाते की केरळ साक्षर आहे, तिथला प्रेक्षक सुजाण आहे, म्हणून चित्रपट चांगले निघतात. मला हे उत्तर अपुरे वाटते. साक्षरतेचे प्रमाण चांगले असूनही ज्यांच्या चित्रपटांत स्वतःचा समाज क्वचितच दिसतो, असे प्रदेश कमी नाहीत. शिवाय आपल्या मराठीतही ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘कोर्ट’ (२०१४) यांसारखे मातीत पाय रोवलेले चित्रपट झाले आहेत. परंतु त्यांच्या मागेपुढे सलग अशी वाट तयार झाली, असे म्हणवत नाही. केरळमध्ये ती वाट कशी तयार झाली आणि कोणी केली?

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. पडद्यावर आपण जे केरळ पाहतो, ते खरोखर साऱ्या केरळचे आहे की त्यातल्या एखाद्या वर्गाचे आणि जातीचे? मी बाहेरचा प्रेक्षक असल्यामुळे कौलारू घर, अंगण आणि बॅकवॉटर दिसले की ‘हेच केरळ’ असे मानून मोकळा होतो. ज्यांनी हा विषय जवळून पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तळटीप

आपल्या पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो. अक्षरओळख असणे वेगळे आणि चारचौघांत बसून वाचण्याची सवय असणे वेगळे. केरळमध्ये ही दुसरी गोष्ट संघटितपणे उभी केली गेली. १९४५ साली पी. एन. पणिक्कर यांनी त्रावणकोरमधील ४७ ग्रंथालयांना एकत्र आणून त्यांचा संघ स्थापन केला आणि १९५६ मध्ये केरळ राज्य झाल्यानंतर हे जाळे राज्यभर पसरले. खेड्यातले वाचनालय हे तिथे वृत्तपत्रावर वाद घालण्याचे, नाटकाच्या तालमी करण्याचे, प्रौढांना शिकवण्याचे आणि पुढे चित्रपट दाखवण्याचेही ठिकाण होते. ज्याने कादंबरी वाचली आहे, तिच्यावर वाचनालयात मत मांडले आहे आणि तिचे नाट्यरूपही पाहिले आहे, असा माणूस चित्रपटगृहात येतो तेव्हा दिग्दर्शकाला त्याच्याशी वेगळ्या पातळीवर बोलावे लागते.

याच्याच जोडीला राजकीय रंगभूमी होती. ‘केरळ पीपल्स आर्ट्स क्लब’, म्हणजे केपीएसी, या संस्थेने १९५२ मध्ये तोप्पिल भासी यांचे ‘निंगळेन्ने कम्युनिस्टाक्कि’ हे नाटक रंगभूमीवर आणले आणि ते गावोगाव नेले. जमीनदार, कूळ आणि शेतमजूर यांचे संबंध हा त्या नाटकाचा विषय होता. १९५७ मध्ये ई. एम. एस. नंबूदिरीपाद यांचे निवडून आलेले कम्युनिस्ट सरकार सत्तेवर आले, त्यामागे जी लोकमानसाची मशागत झाली होती तिच्यात या नाटकाचा वाटा मोठा मानला जातो. या रंगभूमीवरचे लेखक, गीतकार आणि नट पुढे चित्रपटांत आले आणि येताना आपले विषयही घेऊन आले.

१९५४ चा ‘नीलक्कुयिल’ थोडा जवळून पाहिला तर हे स्पष्ट होईल. कथा उरूब यांची, दिग्दर्शन रामू कारियाट आणि कवी पी. भास्करन यांचे. श्रीधरन नायर नावाचा शाळामास्तर नीली या दलित शेतमजूर स्त्रीच्या प्रेमात पडतो. ती गरोदर राहिल्यावर लोकलाजेला भिऊन तिला नाकारतो आणि आपल्या जातीतल्या मुलीशी लग्न करतो. नीली रेल्वेरुळांजवळ मृतावस्थेत सापडते, तिचे मूल जिवंत असते आणि गावातला पोस्टमन शंकरन नायर लोकांचा विरोध पत्करून त्या मुलाला वाढवतो. हा पोस्टमन खुद्द पी. भास्करन यांनी रंगवला आहे. सुशिक्षित, पुरोगामी विचारांचा म्हणवणारा मास्तरच इथे भेकड ठरतो, ही गोष्ट १९५४ च्या मानाने मला फार महत्त्वाची वाटते. के. राघवन यांनी या चित्रपटासाठी मलबारच्या लोकगीतांच्या आणि माप्पिळा, म्हणजे मलबारी मुसलमानांच्या, गाण्यांच्या चाली उचलल्या. तोवर मल्याळम चित्रपटगीते बहुतांशी हिंदी आणि तमिळ चालींवर बेतलेली असत. या चित्रपटात मल्याळी माणसाला आपल्या घरचा सूर पडद्यावरून ऐकू आला.

त्यानंतरचे ‘चेम्मीन’ (१९६५) आपल्याकडेही परिचित आहे. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा दक्षिणेतला पहिला चित्रपट ठरला. मल्याळममध्ये लेखकाला पटकथेच्या केंद्रस्थानी बसवण्याची रीत तेव्हापासून अधिकच पक्की झाली. एम. टी. वासुदेवन नायर यांच्यासारखा अव्वल दर्जाचा कथाकार आयुष्यभर पटकथा लिहीत राहिला आणि १९७३ मध्ये स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘निर्माल्यम’मध्ये त्याने देवळाच्या आधारावर जगणाऱ्या वेलिच्चप्पाडाची, म्हणजे अंगात देवी येणाऱ्या पुजाऱ्याची, भूक दाखवली. शेवटी तो पुजारी आपल्याच देवीच्या मूर्तीवर थुंकतो. हा चित्रपट लोकांनी पाहिला, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पी. जे. अँटनी यांना अभिनयाचा. आज असे दृश्य चित्रित करण्याचे धाडस कोणी करेल का, याविषयी मला रास्त शंका आहे.

तिसरा धागा फिल्म सोसायट्यांचा, आणि त्यात आपल्या पुण्याचा खरा वाटा आहे. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अडूर गोपालकृष्णन शिकले. पुढे जॉन अब्राहम, के. जी. जॉर्ज आणि शाजी एन. करुण हेही तिथूनच बाहेर पडले. अडूर यांनी १९६५ मध्ये सहकाऱ्यांसह तिरुवनंतपुरमला ‘चित्रलेखा फिल्म सोसायटी’ सुरू केली, तिच्या जोडीने निर्मितीसाठी सहकारी संस्था उभारली आणि ‘स्वयंवरम’ (१९७२) त्या सहकारी संस्थेने काढला. जॉन अब्राहम यांनी १९८४ मध्ये ‘ओडेसा’ ही मंडळी जमवली आणि गावोगाव चित्रपट दाखवून लोकांच्या वर्गणीतून ‘अम्मा अरियान’ (१९८६) पूर्ण केला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची घडी बसवणारे पी. के. नायर हेही तिरुवनंतपुरमचेच. १९३३ च्या ‘मार्तंड वर्मा’ या मूकपटाची प्रत आज उपलब्ध आहे ती या संग्रहालयामुळे.

सारांश एवढाच की साक्षरतेचा परिणाम झाला, पण तो वाचनालय, रंगभूमी आणि फिल्म सोसायटी या तीन वाटांनी झाला. या वाटा माणसांनी कष्टाने घडवल्या होत्या.

बांधावरून

तळटीप यांनी लिहिलेला इतिहास बरोबर आहे आणि त्यातला बराचसा भाग मलाही प्रिय आहे. तरीही तो ‘नीलक्कुयिल’पासून सुरू केला की एक फार महत्त्वाचे पान मागे राहते. मल्याळममधला पहिला चित्रपट जे. सी. डॅनियल यांचा ‘विगतकुमारन’ हा मूकपट. त्यात पी. के. रोझी या दलित स्त्रीने सरोजिनी नावाच्या नायर तरुणीची भूमिका केली होती. तिरुवनंतपुरमच्या कॅपिटॉल चित्रपटगृहात तो दाखवला गेला तेव्हा एका दलित स्त्रीने पडद्यावर नायर स्त्री व्हावे, हे प्रेक्षकांतल्या सवर्णांना सहन झाले नाही. पडद्यावर दगड पडले, रोझीला गाव सोडून तमिळ प्रदेशात पळून जावे लागले आणि ती पुन्हा कधीही पडद्यावर दिसली नाही. चित्रपटाची प्रतही आज उरलेली नाही. डॅनियल कफल्लक झाले आणि त्यांनीही पुन्हा चित्रपट काढला नाही. राज्याचा सर्वोच्च चित्रपट सन्मान आज डॅनियल यांच्या नावाने दिला जातो. रोझीची आठवण मात्र अलीकडच्या काळात दलित लेखक-कार्यकर्त्यांनी आणि चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांनी जागवली. या सिनेमाचे समाजाशी असलेले नाते कुठून सुरू होते, असे मला कोणी विचारले तर मी त्या चित्रपटगृहातल्या रात्रीपासून सांगायला सुरुवात करेन.

‘नीलक्कुयिल’मध्येही नीली अर्ध्या वाटेत मरते आणि उरलेली कथा दोन नायर पुरुषांच्या सदसद्विवेकाची होते. त्या चित्रपटाचे मोल मला कमी करायचे नाही. परंतु दलित पात्राने दुःख भोगावे आणि त्या दुःखातून सवर्ण पात्राने शहाणे व्हावे, हा साचा पुढे बरीच वर्षे चालू राहिला, हे नोंदवणे आवश्यक आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जमिनीच्या इतिहासात आहे, असे मला वाटते. केरळचा जमीन सुधारणा कायदा १ जानेवारी १९७० पासून पूर्णतः अमलात आला आणि कुळे मालक झाली. शेतमजुरांच्या वाट्याला मात्र मुख्यतः राहत्या झोपडीभोवतीची जागा आली. ग्रामीण भागात ती जास्तीत जास्त १० सेंट, म्हणजे एका एकराचा दहावा हिस्सा. जमीनदार घराण्यांचा आधार गेला आणि १९७५ च्या कायद्याने एकत्र कुटुंबाची पद्धतही संपुष्टात आणली. अडूर यांचा ‘एलिपत्तायम’ (१९८१) या पडझडीवरचा सर्वांत प्रामाणिक चित्रपट आहे. उण्णी हा वाड्याचा धनी समारंभाला जायला म्हणून घरून निघतो, वाटेत पाण्याचे डबके लागते, कपडे चिखलाने माखतील या भीतीने तो तिथेच घुटमळतो आणि परत फिरतो. अंगणात गाय शिरून झाड खाऊ लागते, तेव्हा तो स्वतः उठत नाही. बहिणीला हाका मारतो. घरातले प्रत्येक काम राजम्मा करते, थोरली बहीण जानम्मा येऊन आपला वाटा मागते, धाकटी श्रीदेवी निघून जाते आणि उंदरांसाठी लावलेला सापळा हळूहळू उण्णीभोवती आवळत जातो. मोठ्या आवाजातला एकही संवाद न लिहिता एका वर्गाचा अंत इतक्या स्पष्टपणे मांडलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आता याच वाड्याचे पुढे काय झाले ते पाहा. १९९३ च्या ‘देवासुरम’पासून आणि १९९७ च्या ‘आराम तंपुरान’पासून तोच तरवाड, म्हणजे नायर घराण्याचा वडिलोपार्जित वाडा, वैभवशाली होऊन परत आला. ओट्टप्पालमजवळची वरिक्काश्शेरी मना ही वास्तू अशा कितीतरी चित्रपटांत दिसते. मिशा पिळणारा, मुंडू, म्हणजे लुंगीसारखे धोतर, वर खोचणारा, गावाला उपकाराखाली ठेवणारा नायक लोकांनी डोक्यावर घेतला. ज्या समाजाने कायद्याने जमीनदारी संपवली, त्याच समाजाने पडद्यावर जमीनदाराला पुन्हा सिंहासनावर बसवले. त्यामुळे बाहेरच्या प्रेक्षकाला कौलारू वाडा म्हणजे केरळ असे वाटत असेल, तर तो दोष प्रेक्षकाचा नाही. त्या चित्रपटांनी तसे मनावर ठसवले आहे.

राजीव रवी यांचा ‘कम्मट्टिपाडम’ (२०१६) पाहिला नसेल तर अवश्य पाहावा. एर्नाकुळम, म्हणजे कोची, शहर वाढत गेले तेव्हा ज्या दलित वस्तीची शेते बुजवली गेली, त्या वस्तीतलीच तरुण मुले जमिनीच्या दलालांच्या हाताखाली गुंड म्हणून वापरली जातात आणि आपल्याच माणसांना उठवण्याच्या कामी येतात. गंगाची भूमिका करणाऱ्या विनायकन यांना त्या वर्षीचा राज्य शासनाचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. कोची हे शहर कोणाच्या शेतांवर उभे आहे, याचा हिशेब या चित्रपटात आहे आणि तो पर्यटनाच्या जाहिरातीतल्या केरळशी अजिबात जुळत नाही.

खाडीपलीकडे

मी नोकरीनिमित्त आखातात राहतो आणि माझे बहुतेक सहकारी मल्याळी आहेत, म्हणून या चर्चेत एक बाजू जोडतो. केरळच्या समाजाविषयी बोलताना आखाताला वगळून चालणार नाही, कारण सत्तरच्या दशकापासून तिथल्या असंख्य घरांचे छप्पर, मुलींची लग्ने आणि मुलांची शिक्षणे याच पैशावर उभी राहिली आहेत. चित्रपटांनी हे स्थलांतर फार लवकर आणि सातत्याने टिपले.

‘नाडोडिक्काट्टु’ (१९८७) हा विनोदी चित्रपट आहे, पण त्याचे मूळ दुखणे बेकारीचे आहे. वाणिज्य शाखेची पदवी असलेला दासन आणि त्याचा मित्र विजयन हाताला काम नाही म्हणून दुबईला जायला निघतात. गलबतवाला त्यांना रात्री किनाऱ्यावर उतरवून निघून जातो आणि सकाळी कळते की आपण मद्रासला आहोत. शिकून घरी बसलेल्या तरुणाची ही अवस्था श्रीनिवासन यांनी इतकी नेमकी लिहिली की तिथली माणसे आजही त्यातले संवाद बोलण्यात वापरतात. दिग्दर्शक सत्यन अंतिक्काड आणि श्रीनिवासन या जोडीने पुढे ‘वरवेल्पु’ (१९८९) मध्ये आखातातून परतलेला माणूस दाखवला. त्याने साठवलेल्या पैशातून घेतलेली बस आणि त्या पैशावर डोळा ठेवून गोळा होणारे नातलग पाहताना माझे सहकारी हसत नाहीत, हे मी पाहिले आहे.

सलीम अहमद यांचा ‘पत्तेमारी’ (२०१५) यापुढे जातो. त्यातला नारायणन तरुणपणी लाकडी गलबतातून समुद्र ओलांडतो, आयुष्यभर लहानसहान कामे करतो, एका खोलीत अनेकांबरोबर राहतो आणि गावाकडे मात्र सगळ्यांना वाटत राहते की तो सुखात आहे, कारण तो स्वतः तसेच सांगत राहतो. सुट्टीवर घरी गेलेला माणूस पाहुण्यासारखा वागवला जातो आणि त्याच्या परतीची तारीख विचारली जाते, हे त्यात फार बारकाईने आले आहे. बेन्यामिन यांच्या कादंबरीवरून ब्लेसी यांनी केलेला ‘आडुजीवितम’ (२०२४) वाळवंटात शेळ्या राखायला अडकवल्या गेलेल्या मजुराची कथा सांगतो. त्याची भव्यता मान्य करूनही मला ‘पत्तेमारी’ अधिक खरा वाटतो, कारण बहुसंख्य माणसांचे आयुष्य त्या धिम्या झिजण्यातच गेलेले असते.

आपल्या कोकणालाही हे परके नाही. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत आखातातून आलेल्या पैशावर घरे उभी राहिली, विशेषतः कोकणी मुसलमान कुटुंबांची. त्या घरांतल्या वाट पाहणाऱ्या स्त्रिया, वडिलांना फोनवरच ओळखणारी मुले आणि म्हातारपणी परत आलेले पुरुष मराठी पडद्यावर मला जवळजवळ दिसलेच नाहीत. या माणसांवर चित्रपट व्हावा, असे मला मनापासून वाटते.

‘सुडानी फ्रॉम नायजेरिया’ (२०१८) या चित्रपटाचाही उल्लेख करतो, कारण त्यात प्रवासाची दिशा उलटी आहे. मलप्पुरममध्ये सात-सात खेळाडूंच्या फुटबॉल स्पर्धा लोकप्रिय आहेत आणि त्यांत खेळायला आफ्रिकेतून खेळाडू येतात. असा एक जखमी खेळाडू संघाच्या व्यवस्थापकाच्या घरी पडून राहतो. घरातली म्हातारी आई आणि तिची शेजारीण, दोघींना त्याची भाषा येत नसतानाही, त्याचे दुखणे-खुपणे काढतात. या दोन भूमिका सावित्री श्रीधरन आणि सरसा बालुश्शेरी यांनी केल्या आहेत. दोघींनी कोझिकोडच्या रंगभूमीवर उमेदीची वर्षे काढली होती. तळटीप यांनी सांगितलेला नाटकाचा धागा इतक्या वर्षांनीही तुटलेला नाही, तो असा.

माजघर

इथपर्यंत सारी चर्चा वाचली आणि स्त्रियांविषयी फारच कमी लिहिले गेले आहे असे जाणवले, म्हणून लिहीत आहे. मूळ प्रश्नात साक्षरतेचा मुद्दा होता. त्याची खरी परीक्षा घरात होते. जिओ बेबी यांच्या ‘द ग्रेट इंडियन किचन’मध्ये सासरे अभिमानाने सांगतात की त्यांची पत्नी पदव्युत्तर शिक्षण घेतलेली आहे, तरी तिने नोकरी केली नाही, आणि ते घराच्या भल्याचेच झाले. ही उच्चशिक्षित सासू रोज सकाळी नवऱ्याच्या हातात दात घासण्याचा ब्रश नेऊन देते. भात कुकरमध्ये केलेला त्यांना चालत नाही, तो चुलीवरच व्हावा. कपडे यंत्रात धुतलेले चालत नाहीत, ते हातानेच धुवावेत. आणि हे सारे अतिशय मृदू आवाजात, ‘बाळा’ म्हणून सांगितले जाते. घरातला पुरुष शाळेत शिक्षक आहे. स्वयंपाकघरातल्या बेसिनचा पाइप गळत असतो, नवरा प्लंबरला बोलावण्याचे रोज विसरतो आणि ती खाली भांडे ठेवून, पोते टाकून ते घाण पाणी पुसत राहते. दिग्दर्शक ही कामे पुन्हा पुन्हा दाखवतो. पाहणाऱ्याला कंटाळा येतो आणि तो यावा हीच अपेक्षा आहे, कारण तिचा दिवस तसाच आहे.

हा चित्रपट मोठ्या प्रदर्शन-मंचांनी सुरुवातीला घेतला नाही. १५ जानेवारी २०२१ रोजी तो ‘नीस्ट्रीम’ या छोट्या मल्याळी मंचावर आला आणि लोकांनी तो शोधून पाहिला. शबरीमला मंदिरात सर्व वयांच्या स्त्रियांना प्रवेश देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ मधल्या निकालानंतर केरळमध्ये जे घडले, त्याची पार्श्वभूमी त्यात उघडपणे आहे. शिकलेल्या स्त्रिया असलेल्या राज्यात मासिक पाळीच्या दिवसांत बाजूला बसवणे अजून चालते, हे सांगण्याचे धैर्य त्या चित्रपटाने दाखवले. माझ्या ओळखीतल्या अनेक मराठी स्त्रियांनी हे आपल्याच घरातले वाटते असे म्हटले, आणि त्यांच्या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती.

परंतु पडद्यावर हे धैर्य दाखवणाऱ्या उद्योगात पडद्यामागे काय चालत होते, हेही त्याच प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फेब्रुवारी २०१७ मध्ये एका अभिनेत्रीचे अपहरण करून तिच्यावर अत्याचार झाला. त्यानंतर चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांनी ‘विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह’ ही संघटना स्थापन केली आणि तिच्या मागणीवरून राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने डिसेंबर २०१९ च्या अखेरीस अहवाल दिला. तो काही भाग वगळून लोकांसमोर यायला १९ ऑगस्ट २०२४ उजाडला. लैंगिक शोषण, कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृहांचाही अभाव, तोंड उघडणाऱ्या स्त्रियांना काम न मिळणे, हे सारे त्यात नोंदवलेले आहे. अहवालानंतर आरोपांची मालिका सुरू झाली आणि त्याच महिन्यात नटांच्या ‘अम्मा’ या संघटनेची कार्यकारिणी बरखास्त झाली.

या समितीच्या एक सदस्य ज्येष्ठ अभिनेत्री शारदा होत्या, ज्यांनी ‘एलिपत्तायम’मध्ये राजम्मा उभी केली होती. बांधावरून यांनी त्या चित्रपटाविषयी लिहिले म्हणून हे मुद्दाम सांगते. मला या उद्योगाविषयी आजही आदर वाटतो, तो मुख्यतः त्या मोजक्या स्त्रियांमुळे, ज्यांनी कामे गमावली पण माघार घेतली नाही.

नदीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘एलिपत्तायम’ आणि ‘कम्मट्टिपाडम’ लागोपाठ पाहण्याचे ठरवले आहे. आणखी एक विचारतो. उपशीर्षकांवर विसंबून पाहताना या चित्रपटांतले नेमके काय माझ्या हातून निसटत असेल?

तळटीप

सर्वांत अधिक निसटते ती बोली. पूर्वी मध्य केरळातल्या वळुवनाड या भागातल्या सवर्ण घरांत बोलली जाणारी मल्याळम ही चित्रपटांची प्रमाण भाषा होऊन बसली होती, आणि तिरुवनंतपुरमची किंवा त्रिश्शूरची बोली मुख्यतः विनोदी पात्रांच्या तोंडी असे. गेल्या दीड दशकात हे बदलले आहे. नायक-नायिकाही आपापल्या भागाच्या बोलीत बोलतात आणि त्यावरून तिथल्या प्रेक्षकाला पात्राचा जिल्हा, धर्म आणि अनेकदा जातही कळते.

दिलीश पोत्तन यांचा ‘तोंडिमुतलुम दृक्साक्षियुम’ (२०१७) या दृष्टीने पाहावा. वेगवेगळ्या जातींतले प्रसाद आणि श्रीजा घरच्यांचा रोष पत्करून लग्न करतात आणि राज्याच्या दक्षिण-मध्य भागातला पाणथळ प्रदेश सोडून थेट उत्तर टोकाला, कासरगोडच्या कोरड्या रानात जाऊन राहतात. बसमध्ये एक चोर श्रीजाची सोन्याची साखळी गिळतो आणि पुढचा बहुतेक चित्रपट एका आडबाजूच्या पोलीस ठाण्यात, ती साखळी बाहेर पडण्याची वाट पाहण्यात जातो. ठाण्यातल्या अनेक पोलिसांच्या भूमिका खऱ्या पोलिसांनी केल्या आहेत. फिर्यादी जोडप्याची बोली एका टोकाची, ठाण्यातल्या लोकांची दुसऱ्या टोकाची, आणि चोर आपण कुठला हे कोणालाच कळू देत नाही. उपशीर्षकांत या सगळ्यांचे बोलणे एकसारखे दिसते. एखादा मल्याळी स्नेही सोबत असेल तर त्याला मध्येच थांबवून विचारावे. असा कोणी नसेल तर निदान श्रीजा ठाण्यात आल्यावर कोणाकडे बघून, किती तुटक बोलते आणि कुठे गप्प राहते, याकडे लक्ष ठेवावे. निमिषा सजयन यांनी ती भूमिका केली आहे आणि भाषा न कळणाऱ्यालाही त्यातले बरेच काही पोहोचते.